वनजमिनीवरील व्यावसायिक चराई : आधी गवत मोजा, मग जनावरे

दसरा-दिवाळीच्या सुमारास पनवेल, खालापूर, पेण, कर्जत भागातील डोंगरउतारांवरचे गवत पिवळे पडू लागते आणि एक प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो : बाहेरची जनावरे आमच्या जंगलात चरायला येतात, ती थांबवता येतील का? विचारणारे बहुधा वाडीवर दोन-चार शेळ्या, एखादी गाय आणि नांगराची जोडी सांभाळणारे असतात. ज्यांच्याबद्दल ते विचारतात, त्यांत मात्र दोन अगदी वेगळी माणसे मिसळलेली असतात. एक म्हणजे घाट उतरून मेंढ्या घेऊन येणारा धनगर मेंढपाळ. दुसरा म्हणजे शहरालगतचा तबेलेवाला किंवा बोकडांचा व्यापारी. तो स्वतः कधी डोंगरावर दिसत नाही. भाकड म्हशी किंवा विकत घेतलेले बोकड तो मजुरीवरच्या गुराख्याच्या हवाली करतो आणि दोन-तीन महिने वनजमिनीवर फुकट पोसून घेतो.

या दोघांना एकाच काठीने हाकणे ही चराई व्यवस्थापनातील पहिली चूक आहे. कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो, आणि गवतावर त्यांचा होणारा परिणामही वेगवेगळा असतो.

व्यावसायिक चराई कोणती आणि कोणती नाही

दूध विकले, बकरी ईदेला दोन बोकड विकले म्हणून कोणी व्यावसायिक ठरत नाही. वनहक्क कायदा २००६ च्या नियमांमध्ये उपजीविकेच्या खऱ्याखुऱ्या गरजेची व्याख्या दिलेली आहे. स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागवून उरलेल्या उत्पादनाची विक्री तिच्यात धरलेली आहे. त्यामुळे कातकरी किंवा ठाकूर वाडीतील बाईने स्वतः वाढवलेली शेळी बाजारात नेली तर तिला "धंदा करतेस" असे सुनावण्याचे कारण नाही.

माझ्या मते फरक ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात. जनावर वर्षभर कोणाच्या चाऱ्यावर जगते? नुकसान झाले तर जबाबदार कोण, आणि तो समोर येतो का? आणि कळप कधी निघून जाणार हे आधी ठरलेले आहे का? ज्या कळपाचा मालक गावात नाही, ज्याची संख्या बाजारभावाप्रमाणे वाढते आणि जो गवत संपेपर्यंत हलत नाही, तो व्यावसायिक कळप.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतही या मुद्द्याची दखल आहे. जंगलातील चराईचे नियमन लोकांच्या सहभागाने करावे, नवी रोपवने व पुनरुत्पादनाची क्षेत्रे पूर्णपणे राखावीत आणि अनावश्यक मोठे कळप बाळगण्याची प्रवृत्ती कमी होईल इतके चराई शुल्क आकारावे, असे तीत म्हटले आहे. तीन सूचनांपैकी शुल्काची सूचना सर्वांत कमी अमलात आली, हे क्षेत्रावर काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

जमीन कोणती, हे सातबाऱ्यावर पाहा

गावात सरसकट "जंगल" म्हटली जाणारी जमीन कागदावर चार-पाच प्रकारची असते. गुरचरण ही महसूल खात्याची जमीन आहे आणि ती गावच्या जनावरांसाठी राखलेली असते. वरकस ही बहुधा खासगी मालकीची असते. राखीव वन आणि संरक्षित वन ही वनविभागाकडे असतात. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने शासनाकडे आलेली वनेही रायगड-ठाण्यात बरीच आहेत आणि त्यांबद्दल गावोगावी गोंधळ आहे. तलाठी आणि वनरक्षक या दोघांना एकत्र बसवून गट क्रमांकांची यादी एकदा करून घ्यावी. अर्धे वाद तिथेच मिटतात.

राखीव वनात परवानगीशिवाय जनावरे चारणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. संरक्षित वनात शासनाच्या नियमांप्रमाणे चराई चालते, मात्र ठरावीक भाग बंद ठेवता येतो. ग्रामपंचायतीने पावती फाडून बाहेरच्या कळपाला राखीव वनात "परवानगी" देणे हे कुठल्याच नियमात बसत नाही. असे होत असेल तर ती पावती कळपवाल्यालाही वाचवणार नाही आणि पंचायतीलाही.

अभयारण्याची गोष्ट आणखी वेगळी. पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यातील चराई नियंत्रित किंवा बंद करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. राष्ट्रीय उद्यानात तर चराईला पूर्ण मनाई आहे. शिवाय अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानांतून गवत काढून नेण्यासही सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने मनाई केली. म्हणजे पुढे ज्या "कापून न्या" पद्धतीची शिफारस केली आहे, ती अभयारण्याच्या हद्दीत लागू करू नये. हद्दीलगतच्या गावांनी आणखी एक कलम लक्षात ठेवावे. अभयारण्यापासून ५ किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांचे साथीच्या रोगांविरुद्ध लसीकरण करण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये आहे. आपल्या गावात ते होत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लेखी मागणी करावी.

खाडीकाठच्या गावांसाठी एवढेच : तिवराचा पाला गुरे-म्हशी आवडीने खातात, पण कांदळवन हे कुरण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरात कांदळवनाच्या नाशाला बंदी घातली आहे आणि शासकीय जमिनीवरील कांदळवनाला वनाचा दर्जा आहे. खाडीकाठी कळप सोडणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसते असे नाही, तिथे कोणी पाहत नाही एवढेच त्याला माहीत असते.

गवत कसे मोजावे

"आमच्या डोंगरावर किती जनावरे चरू शकतात?" याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ते उत्तर गवत कापून, वाळवून, वजन करूनच मिळते. काम एका दिवसाचे आहे. कृषी सहायकाने किंवा शाळेतील मोठ्या मुलांनीही करावे इतके सोपे आहे. वनजमीन असल्याने वनरक्षकाला सोबत घ्यावे. त्याच्या समोर झालेले मोजमाप पुढे बैठकीत कामाला येते.

बांबूच्या किंवा सळईच्या चार काठ्या जोडून आतून बरोबर १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकट करावी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बहुतेक गवत फुलोऱ्यात असताना, क्षेत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ चालावे. दर ५० पावलांवर चौकट ठेवावी. गवत चांगले दिसते म्हणून ती इकडेतिकडे सरकवू नये, खडकावर पडली तर खडकावरच राहू द्यावी. अशा किमान दहा जागा घ्याव्यात. चौकटीतील गवत चार बोटे बुंधा सोडून कापावे. टाकळा, रानमोडी, टणटणी वेगळी काढावी, कारण जनावर ती खात नाही. कापलेले गवत पाच-सहा दिवस वाळवून वजन करावे. एका चौरस मीटरला मिळालेल्या ग्रॅममध्ये शेवटी एक शून्य लावले की हेक्टरी किलो मिळतात. १८० ग्रॅम म्हणजे हेक्टरी १,८०० किलो.

आता हिशेब करू. समजा, गावाला चराईसाठी उपलब्ध असलेले वनक्षेत्र ४० हेक्टर आहे आणि सरासरी वजन १८० ग्रॅम आले. एकूण वाळलेले गवत ७२ टन झाले. यातील निम्मेच जनावरांच्या वाट्याला धरावे. उरलेले निम्मे मुळांना, बियाण्याला, जमीन झाकायला आणि तुडवणीला जाते. हे निम्मे "वाया जाते" असे समजून तेही चारले, तर पुढच्या वर्षीच्या मोजमापात त्याची किंमत दिसते. म्हणजे हाती राहिले ३६ टन.

कोकणातील गावठी गाय अंगाने लहान. तिला दिवसाला साधारण ६ किलो कोरडा चारा लागतो असे धरू. १५ ऑक्टोबर ते १० जून हे सुमारे २४० दिवस. एका गायीला १,४४० किलो, म्हणजे ३६ टनांवर २५ गायी. बस्स, एवढीच या डोंगराची ऐपत. भाताच्या पेंढ्यावर त्यांची निम्मी गरज भागवली तर ५० गायी.

आता याच डोंगरावर कोणी १५० भाकड म्हशी आणून सोडल्या असे समजा. भाकड म्हैस मोठी असते, दिवसाला १० किलो कोरडा चारा खाते. १५० म्हशी रोज दीड टन गवत खातात. ३६ टन गवत २४ दिवसांत संपते.

गावच्या २५ गायींचा आठ महिन्यांचा चारा २४ दिवसांत. बैठकीत हा आकडा मांडावा, कारण "बाहेरची जनावरे नको" या वाक्याला उत्तर देता येते, या आकड्याला देता येत नाही. तुमच्या भागात वाळलेल्या गवताचा जो भाव चालू असेल त्याने ३६ टनांना गुणून पाहावे. तबेलेवाल्याने न दिलेली रक्कम ती, आणि ती भरली गावातल्या गायवाल्यांनी. उन्हाळ्यात त्यांनाच पेंढा विकत घ्यावा लागतो.

शेळ्यांचा हिशेब गवतावर करू नये. २५ किलोची शेळी दिवसाला सुमारे १ किलो कोरडा चारा खाते, पण त्यात गवत कमी आणि झाडपाला, झुडपांचे शेंडे जास्त. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या आतील रोपवनात एकही शेळी नको आणि झुडुपी रानात बेताने चालते. बोकडांचा मोठा कळप नव्या रोपवनात शिरला तर एका आठवड्यात शेंडे खुडले जातात. रोप मरत नाही, पण झुडूप होऊन बसते. वनविभागाच्या नोंदीत ते "जिवंत" असते.

डोक्यांऐवजी "जनावर गुणिले दिवस" असे एकक धरण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत १९३४ च्या टेलर चराई कायद्यानंतर सरकारी कुरणांवरील परवाने "एक गाय-वासरू, एक महिना" या एककात दिले जातात आणि परवान्यावर कळप कधी येणार, कधी जाणार याच्या तारखा असतात. तिथले शुल्क फारच कमी आहे अशी टीका अनेक वर्षे होत आली आहे, पण एकक उचलण्यासारखे आहे. आपल्याकडे वनविभागाच्या कार्य आयोजनांतही चराईचा भार पशुघटकांत मोजतात. अडचण अशी की, तो आकडा कार्यालयात राहतो आणि डोंगरावर कोणी दिवस मोजत नाही.

पावसाळ्यातील विश्रांती

वर १५ ऑक्टोबर ते १० जून हे दिवस धरले, पावसाळा धरला नाही. ते मुद्दाम.

पवना, मारवेल, डोंगरी यांसारखी चांगली बहुवर्षायू गवते पहिल्या पावसानंतर मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटतात. पहिले पाच-सहा आठवडे ती नवी पाने आपली उधारी फेडत असतात. या काळात पान खाल्ले गेले की झुडका पुन्हा मुळांतले अन्न काढतो, पुन्हा खाल्ला जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत मरतो. दुसरा नाजूक काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा, बी धरण्याचा. या दोन्ही काळांत जनावर आत असेल तर कुरण टिकत नाही, मग संख्या कितीही कमी असो.

कोकणात त्यात भर पडते ती पावसाची. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या उतारावर ओल्या मातीत खूर रुतले की माती दबते, गायवाटा पडतात आणि त्याच वाटांनी ओहळ सुरू होतात. मूठभर मातीचा थर असलेल्या कातळउतारावर तो थर एकदा गेला की परत आणता येत नाही.

बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे गवतच सांगते. पवना-मारवेल कमी होऊन कुसळी वाढली, तर चराईचा ताण सुरू झाला आहे. कुसळी जाऊन वर्षायू बारीक गवते आणि टाकळा आला, तर ताण जुना आहे. रानमोडी आणि टणटणीने उतार झाकला, तर नुसत्या चराईबंदीने काही होणार नाही. आधी ती मुळासकट काढावी लागेल आणि मग मारवेलाची ठोंबे किंवा स्टायलोचे बी लावावे लागेल. चराईबंदी केली पण गवत आले नाही, अशी तक्रार बहुतेक अशाच जमिनीवरची असते.

मग पावसाळ्यात जनावरे कुठे न्यायची? या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि तो टाळून केलेला चराईबंदीचा ठराव जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोडतो. गुरचरण आणि वरकस पावसाळ्यासाठी ठेवावी, वनजमीन हिवाळा-उन्हाळ्यासाठी. भाताच्या बांधांवरचे गवत कापून गोठ्यात द्यावे. ज्या गावांचे गुरचरण अतिक्रमणात किंवा प्रकल्पात गेले आहे, तिथे वनक्षेत्रातीलच एक सपाट, दगड-गवताचा तुकडा पावसाळ्यासाठी ठरवून घ्यावा आणि त्याची हानी पत्करून बाकीचे राखावे. नवी मुंबईच्या परिसरात हा प्रश्न जास्त तीव्र आहे. सिडकोसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. भातशेती गेली तसा पेंढा गेला, बांधाचे गवत गेले, कापणीनंतरची मोकळी शेते गेली. जी जनावरे उरली त्यांचा भार डोंगरावर आणि खाडीकाठी आला.

राखलेल्या क्षेत्राचे चार भाग करून दरवर्षी एक भाग पूर्ण वर्षभर बंद ठेवावा. प्रत्येक भागाला चार वर्षांतून एकदा पूर्ण विश्रांती मिळते. वरच्या उदाहरणात मग ३० हेक्टरच हाती राहतात आणि २५ गायींऐवजी १८-१९ गायींचीच सोय होते. हे बैठकीत आधीच सांगावे, नंतर कळले तर लोक चिडतात.

घाट उतरून येणारे मेंढपाळ

अहिल्यानगर, पुणे, सातारा भागांतील मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाआधी परत चढतात. मेंढीला कोकणचा पाऊस मानवत नाही, खूर कुजतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपल्या गवताला विश्रांती हवी, त्या चार महिन्यांत हे कळप इथे नसतातच. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास करून हेच दाखवले होते की, जास्त पावसाच्या सह्याद्रीत गवळी धनगर म्हशी पाळतात आणि कोरड्या पठारावर हटकर मेंढ्या पाळतात. कोणते जनावर कुठे टिकते याचे हे जुने शहाणपण आहे.

मेंढपाळ आणि भातशेतकरी यांचे नातेही देवाणघेवाणीचे आहे. कापणीनंतर शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्या आणि मूत्र थेट जमिनीत जाते आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. वनाचा वापर या कळपाला दिवसा काही तासांपुरता लागतो. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट नोंदलेला आहे. त्यांचे दावे ते प्रत्यक्ष हजर असतील अशा वेळीच तपासावेत, असेही नियमांत आहे. "ते आमच्या गावचे नाहीत" एवढ्या कारणावरून त्यांना ग्रामसभेने नाकारू नये.

अर्थात, येणाऱ्या कळपाची संख्या, वाट, मुक्काम आणि दिवस ठरलेले असावेत. मेंढपाळ मंडळी दरवर्षी बहुधा त्याच वाटेने, त्याच गावांत येतात, त्यामुळे हे बोलणे शक्य असते. दिवाळीआधी फोन करून ठरवावे. पीपीआर आणि लाळ्या-खुरकूत लसीकरणाची नोंद विचारावी आणि आपल्याही शेळ्यांचे लसीकरण त्याआधी करून घ्यावे. रोग दोन्ही बाजूंनी जातो.

खरा पेच पठारावर आहे. पावसाळ्यात तिथे पिके उभी, रोपवने बंद, मग मेंढ्या न्यायच्या कुठे? राज्य शासनाने भटकंती करणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांसाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांकरिता महिना ६,००० रुपये चराई अनुदानाची योजना आणली ती याच कारणाने. पात्र कुटुंबांनी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात किंवा पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे सध्याच्या अटींची चौकशी करावी.

दंडाने काय साधते

वनक्षेत्रात शिरलेली जनावरे कोंडवाड्यात घालता येतात. १९२७ च्या कायद्यात त्यासाठी म्हशीला २ रुपये, गाय-बैलाला १ रुपया आणि शेळी-मेंढीला ८ आणे असा दर लिहिलेला होता. तो बदलण्याचा अधिकार राज्यांना आहे. केंद्रीय कायद्यात २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने चराईच्या गुन्ह्यातील तुरुंगवास काढून ५०० रुपयांपर्यंतचा दंड आणि नुकसानभरपाई ठेवली आहे. तुरुंगवास काढला हे योग्यच झाले, कारण त्याची भीती फक्त गुराख्याला होती. पण ५०० रुपये हा दंड १५० म्हशींच्या मालकाला दंड वाटत नाही, तो त्याला एका दिवसाच्या चाऱ्याच्या खर्चाहून कितीतरी स्वस्त पडतो. तीन शेळ्यांच्या मालकिणीची मात्र दोन दिवसांची मजुरी जाते. म्हणून वनरक्षकाला तक्रार देताना नुकसानभरपाईवर भर द्यावा. किती हेक्टर, किती दिवस, किती जनावरे, चौकटीतले वजन आधी किती होते आणि आता किती, हे लिहून द्यावे. मोजमाप असेल तर भरपाई मागता येते.

बंदीपेक्षा मला "कापून न्या" ही पद्धत जास्त टिकाऊ वाटते. हिवरे बाजारने मोकाट चराई बंद केली पण गवत बंद केले नाही. लोक विळ्याने कापून नेत राहिले आणि गावचे दूध वाढले. तिथे पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर, आपल्याकडे त्याच्या सहा-सात पट. गवताची उंची आपल्याकडे जास्त येईल, पण कापणीचा मुहूर्त साधणे अवघड, कारण ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस वाळत घातलेले गवत कुजवतो.

फुलोरा निम्म्यावर आला की कापावे. दिवाळीनंतर पूर्ण पिवळे झालेले गवत वजनाला भरते, पण त्यातील प्रथिने निम्म्याहून कमी उरतात. पावसामुळे उशीर झालाच तर वाळलेल्या १०० किलो गवतावर किंवा पेंढ्यावर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावे आणि प्लॅस्टिकखाली हवाबंद करून २१ दिवस ठेवावे. उघडल्यावर वास उडू द्यावा आणि मग थोडेथोडे सुरू करावे. सहा महिन्यांखालील वासरांना आणि घोडा-गाढवांना देऊ नये. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये, त्याने जनावर दगावते.

तबेलेवाल्याला गवत हवे असेल तर त्याने ते कापलेले, भारे बांधलेले, वजन करून घ्यावे. ठाणे-पालघर भागात मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवण्याचा धंदा कितीतरी जुना आहे, त्यात नवे काही नाही. म्हशी डोंगरावर येत नाहीत, खूर पडत नाहीत, कापणीची मजुरी वाडीत राहते आणि किती गेले ते काट्यावर दिसते. वनक्षेत्रातील गवत विक्रीसाठी काढायचे तर त्या जमिनीवरील हक्क आणि वनविभागाची परवानगी यांची खातरजमा आधी करावी. खासगी वरकसावरील गवताला ही अडचण नाही, तिथून सुरुवात करणे सोपे.

ग्रामसभेच्या ठरावात काय असावे

गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर संरक्षण, पुनरुत्पादन आणि व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेकडे येतो आणि चराईचे नियम तिच्या व्यवस्थापन आराखड्यात घालता येतात. मिळाला नसेल तर नमुना "ब" आणि "क" मधील दावे तयार करण्याचे काम हाती घ्यावे, आणि तोपर्यंत संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी लेखी बोलणे ठेवावे.

एक गोष्ट ठरावात ठळक लिहावी. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार मिळालेला हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. गावाचा चराईचा हक्क व्यापाऱ्याला "भाड्याने" देता येणार नाही, मग त्यातून देवळाचा सभामंडप होवो की शाळेची भिंत. प्रत्यक्षात असे व्यवहार सभामंडपाच्या नावानेच होतात.

बाकी ठराव साधा असावा. बंद भागाची हद्द ओढा, वाट, मोठे झाड अशा खुणांनी लिहावी, गट क्रमांक गुराख्याला कळत नाहीत. तारखा लिहाव्यात. घरटी जनावरांची संख्या लिहावी आणि गावातलाच कोणी मोठा कळप करू लागला तर त्याला कोणता नियम, हेही लिहावे. हा मुद्दा सगळे टाळतात, कारण तो माणूस बहुधा सभेत पुढच्या रांगेत बसलेला असतो. राखणदार ठेवायचा तर त्याचे मानधन कोण देणार हे त्याच दिवशी ठरवावे.

वणव्याची जबाबदारीही याच ठरावात घालावी. फेब्रुवारी ते मे या काळात कोवळा फुटवा यावा म्हणून सुके गवत पेटवून देण्याची सवय काही गुराख्यांना आहे. फुटवा येतो खरा, आठवडाभर हिरवे दिसते, पण त्या महिन्यांचा उभा चारा जळून जातो आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहते. वनविभाग जाळरेषा काढतो त्या वेळी, म्हणजे साधारण जानेवारीत, गावाने आपल्या बाजूचे गवत कापून घेतले तर रेषेची रुंदीही वाढते आणि चाराही हाती येतो.

एक वही ठेवावी. त्यात आलेला कळप, तारीख, अंदाजे संख्या, कोणत्या भागात चरला आणि गेला कधी, एवढेच लिहावे. दर ऑक्टोबरमध्ये चौकट घेऊन त्याच वाटेने चालावे, त्याच दहा जागांचे वजन वहीत घालावे आणि त्या वर्षीची जनावरांची संख्या त्यावरून ठरवावी.